सोमवारची हर्षदा

श्रावणातला पहिला सोमवार. हर्षदा काळमेघ देवघरासमोर पाटावर बसून फुलवाती वळत होती, आणि समोरच्या पडद्यावर हर्षदा काळमेघच बोलत होती.

पडद्यावरची हर्षदा छान बोलत होती. अंगावर हिचीच जांभळी इरकल, आवाज हिचाच, मधेमधे 'म्हणजे कसं आहे' म्हणायची लकबही हिचीच. फक्त ती कुठे थांबत नव्हती. दिवाळीच्या मालाचं वेळापत्रक, सिडनीचं नवं गोदाम, कापसाचा भाव. समोरच्याचा प्रश्न संपायचा अवकाश, की उत्तर तयार. पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा पट्टा चढत चढत वरच्या टोकाला टेकला होता.

"वा!" डबा भरता भरता पराग म्हणाला. "तुझी ही धाकटी तुझ्यापेक्षा हुशार निघाली गं."

हर्षदाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. श्रावणातल्या सोमवारी दिवेलागण होईपर्यंत ती बोलत नसे. आईकडून आलेला नेम होता, आणि आईने तो देताना बजावलं होतं की मौन म्हणजे बोटांनीही बोलायचं नाही. त्यामुळे ती त्या दिवशी लिहीतही नसे. मानेने हो-नाहीसुद्धा करत नसे. इतकी वर्षं यात काही अडलं नव्हतं. 'फुलवात' ही कंपनी तिची आणि तिची मैत्रीण शर्वरी मोघे हिची. व्रतवैकल्यांचं साहित्य ऑनलाइन विकायचं, हा धंदा. फुलवाती, कापसाची वस्त्रं, हरितालिकेची तयार पेटी, वटसावित्रीची तयार पेटी. अमरावती, अकोट, दर्यापूर, अचलपूर इथल्या बायका घरी बसून माल करत. त्यांची केंद्रं होती, केंद्रप्रमुख होत्या, आणि प्रत्येक केंद्राला सभेत एक मत होतं. श्रावणी सोमवारी मोठी बैठक घ्यायची नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

यंदा मात्र 'उत्तुंग' नावाच्या निधीने कंपनीत पैसे घातले होते, आणि उत्तुंगच्या बैठका सोमवारीच होत. मग शर्वरीने तोडगा काढला. तो आता जांभळी इरकल नेसून पडद्यावर बोलत होता. उत्तुंगचे लोक त्याला 'प्रतिवक्ता' म्हणत. परागने पहिल्याच दिवशी 'धाकटी' नाव ठेवलं आणि तेच रूढ झालं.

धाकटी का लागली, हे समजायला तो हिरवा पट्टा समजून घ्यावा लागेल.

त्याला 'विश्वासांक' म्हणत. ऑनलाइन बैठकीत कोण बोलतंय त्याचा आवाज एक यंत्र ऐकत राहायचं. स्वराची उंची, बोलण्याची गती, दोन वाक्यांमधली जागा. त्यावरून या माणसावर किती भरवसा ठेवावा, याचा आकडा ते क्षणोक्षणी ऐकणाऱ्याला दाखवायचं. यंत्राला हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. त्याला मागच्या तीसेक वर्षांच्या व्यवसायाच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं दिली, आणि पुढे कोणाला पैसे मिळाले, कोणाला नाही, ते सांगितलं. बाकीचं गणित त्याचं त्याने मांडलं. त्या जुन्या बैठकांत पुरुष बोलता बोलता थांबला, की समोरचे वाट पाहत आणि बहुतेक वेळा त्याला पैसे मिळत. बाई थांबली, की कोणीतरी मधे बोले आणि तिचं म्हणणं तिथेच राहून जाई. यंत्राने नियम काढला: पुरुष थांबला तर तो विचार करतोय, बाई थांबली तर तिला माहीत नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडायला कोणी सापडत नव्हतं.

शर्वरीने हा नियम अंगावर झेलला होता. 'फुलवात'च्या आधी तिची पुण्यात स्वतःची कंपनी होती. एका बैठकीत तिला ठसका लागला, ती पाणी प्यायला थांबली, पट्टा लाल झाला, आणि मग सावरायच्या घाईत ती नको ते बोलली. कंपनी गेली. तेव्हापासून शर्वरी वाक्याला वाक्य जोडून बोलते. तिच्याशी फोनवर बोलताना समोरच्याला श्वास घ्यायची वेळ येते, तिला येत नाही.

"हर्षदा, तू एका वाक्यानंतर थांबतेस, नदीपलीकडून उत्तर यायचं असल्यासारखी," ती म्हणाली होती. "इथे मला आवडतं ते. तिथे आपण मरू. चार सोमवारांचाच प्रश्न आहे."

हर्षदाने अंगठा टेकवून करार केला. त्यात लिहिलं होतं, की सोमवारी धाकटीचा शब्द तोच हर्षदाचा शब्द.

*

दुसऱ्या सोमवारी हर्षदा बैठक बघायला बसलीच नाही. सगळं नीट चाललंय म्हटल्यावर ती शेजारणीबरोबर महादेवाला गेली.

मंगळवारी सकाळी दारात एक जुनी, अवजड, पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल उभी. शेजारच्या पोरांचा तिच्याभोवती गराडा. असली गाडी त्यांनी फक्त चित्रात पाहिलेली.

"अहो, हे काय?"

"घेतली." पराग फडक्याने टाकी पुसत होता. "तू हो म्हणालीस."

"मी? कधी?"

"काल. म्हणजे धाकटी. म्हटलं तुझं मौन, तुला कशाला त्रास द्यायचा. तिला विचारलं, 'घेऊ का?' लगेच म्हणाली, 'बरं, घ्या.' दहा वर्षं तुला विचारतोय, तू नुसती बघतेस माझ्याकडे."

"मी बघत होते, म्हणून तर इतकी वर्षं गाडी आली नाही ना!"

"तेच म्हणतोय मी," पराग हसला. मग बायकोचा चेहरा बघून हसू आवरलं. "मागच्या आठवड्यात आईला आपल्याकडे कायमचं आणायचं विचारलं, तेव्हाही बरं म्हणाली. म्हणून तुझ्याशी अजून बोललो नाही. मला वाटलं, तुला खरंच पटलंय."

हर्षदाला पहिल्यांदा राग आला, तो यंत्राचा नव्हे. घरातला माणूस इतक्या सहज तिच्याऐवजी दुसरीला विचारू लागला होता, कारण दुसरी लगेच उत्तर देते. सासूबाईंना आणायला तिची ना नव्हती. पण त्या बोलण्यात ती स्वतः असायला हवी होती.

ती काही म्हणणार, तोच फोन वाजला. दर्यापूरच्या केंद्रप्रमुख नलूमावशी इंगोले.

"बाई, तुमी असं काऊन केलं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. "यंत्रावरच्या वाती आपल्या डब्यात भरायच्या अन् वर आमचं नाव लावायचं, याले तुमी हो म्हनलं?"

"मी नाही म्हटलं, मावशी. ती धाकटी होती."

"तुमचंच तोंड होतं नं बाई पडद्यावर! म्या काय आंधळी हाव?"

हर्षदाने सोमवारच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण लावलं. उत्तुंगचा शार्दूल पारसनीस, पस्तिशीतला, अदबीने बोलणारा माणूस, एकेक प्रस्ताव मांडत होता. हातवातींच्या डब्यात निम्म्या यंत्रावरच्या वाती. धाकटी: "बरं, करा." केंद्रांचा मजुरीचा दर दिवाळीनंतर खाली. "बरं, करा." आणि शेवटी: प्रतिवक्त्याचा विश्वासांक पाहता यापुढे सर्व दिवशी, सर्व बैठकांत, कंपनीच्या वतीने त्यानेच बोलावं आणि निर्णय द्यावेत, हर्षदा मॅडमनी मार्गदर्शक म्हणून राहावं.

पडद्यावरची हर्षदा गोड हसली. "बरं, करा."

स्वतःची खुर्ची तिने स्वतःच देऊन टाकली होती, एक श्वासही न घेता.

पारसनीस फोनवर अतिशय नम्र होता. "मॅडम, मला कळतं. पण होकार तुमचाच आहे. करारात तसं आहे. येत्या सोमवारी ठराव केंद्रप्रमुखांपुढे येईल. त्यांना नको असेल तर पडेल."

त्याला ठाऊक होतं, की केंद्रप्रमुख हर्षदाच्या शब्दाबाहेर जात नाहीत. आणि सोमवारी शब्द धाकटीचा होता.

*

शर्वरी पुण्याहून आली. दोघींनी धाकटीला शिकवलेली सगळी ध्वनिमुद्रणं काढली. कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनच्या केंद्रप्रमुखांच्या सभा.

मूळ ध्वनिमुद्रणात नलूमावशी म्हणत होत्या, "बाई, औंदा वाती पातळ करू. कापूस वाचते." मग शांतता. दूरवर कुकरची शिट्टी. कोणीतरी खोकलं. शांतता. मग नलूमावशीच पुन्हा, जरा खालच्या आवाजात, "पन मंग त्या लवकर विझतील." अकोटच्या शबानाताई म्हणाल्या, "पातळ करा, पण संख्या वाढवा. डब्यावर तसं लिहा." पुन्हा शांतता. मग सगळ्यांची चर्चा, हशा, एक नवाच प्रस्ताव. आणि अगदी शेवटी हर्षदा: "बरं, करा."

धाकटीला दिलेल्या प्रतीत नलूमावशी म्हणत होत्या, "वाती पातळ करू," आणि लागलीच हर्षदा म्हणत होती, "बरं, करा."

"हे मधलं कुठे गेलं?" हर्षदाने विचारलं.

"छाटलं जातं," शर्वरी म्हणाली. "शिकवण्याआधी यंत्र ध्वनिमुद्रण साफ करतं. रिकाम्या जागा काढून टाकतं, नाहीतर साठवण आणि वीज फुकट जाते. दुसऱ्यांचे आवाजही काढतं, कारण शिकायचं तुझ्याकडून आहे. सुरुवातीचा प्रश्न ठेवतं आणि तुझं उत्तर ठेवतं." ती बोलता बोलता हळू झाली. "म्हणजे तिने अशा हजारो सभा ऐकल्या आणि प्रत्येक सभेत तिला ऐकू आलं की कोणीही काहीही सुचवलं तरी तू बरं म्हणतेस."

"माझं नाही म्हणणं त्या जागेत होतं."

"शांततेत काहीच नसतं, हर्षदा. ती मोजता येत नाही."

"नलूमावशींना येते."

शर्वरी उठून खिडकीशी गेली. समोरच्या गच्चीवर ड्रोन एक खोकं ठेवून निघून गेला. "ऐक. साधा उपाय आहे. या एका सोमवारी बोल. तू स्वतः बैठकीला बस, ठासून विरोध कर, मी तुला वाक्यं लिहून देते, कुठेही थांबू नकोस. नेम मंगळवारी कर. देवाला चालेल."

"देवाला चालेल," हर्षदा हळूच म्हणाली. "मला नाही चालणार."

"हट्ट आहे हा!"

"असेल. पण शर्वरी, पट्ट्याला घाबरून मी एकदा न थांबता बोलले, तर मग धाकटी काय वाईट आहे? ती ते माझ्यापेक्षा चांगलं करते."

"आणि पैसे काढून घेतले त्यांनी, तर? सिडनीचं गोदाम? दिवाळी?"

"तर दिवाळी लहान होईल."

शर्वरी भडाभडा बोलली. कंपनी बुडवायची तर माझीही आहे ती, तुला देव आहे, मला फक्त हे आहे, मी एकदा सगळं घालवलंय, पुन्हा शून्यापासून उभं राहायचं माझं वय नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हर्षदाने ते सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. शर्वरी जेवली, आणि कुणाच्या बाजूने मत देणार ते न सांगता पुण्याला परत गेली.

रात्री पराग म्हणाला, "अगं, निदान एकेका केंद्रप्रमुखाला फोन करून सांगून ठेव, विरोधात मत द्या म्हणून. सोमवारच्या आत कर. त्यात कुठे तुझा नेम मोडतो?"

"इतक्या वर्षांत मी त्यांना काय बोलायचं ते सांगितलेलं नाही."

"आणि त्यांना धाकटी आवडली असेल तर? अकोटच्या बायका खूश आहेत म्हणे. फोन लगेच उचलते, लगेच हो म्हणते."

"मग त्या तिला निवडतील," हर्षदा म्हणाली. "पण मी समोर बसलेली असताना निवडतील."

*

सोमवारी धाकटीला सुरू-बंद करायची कळ अजून हर्षदाच्या अंगठ्याखाली होती. ठराव मंजूर झाला की ही कळ उत्तुंगकडे जाणार होती. हर्षदाने आंघोळ केली, महादेवाला बेल वाहिला, धाकटीला बंद केलं आणि स्वतः पडद्यासमोर येऊन बसली.

एकेक खिडकी उघडत गेली. नलूमावशी, शबानाताई, बाकीच्या केंद्रप्रमुख. पुण्याहून शर्वरी. मुंबईहून पारसनीस.

त्याने ठराव वाचला आणि हसून म्हणाला, "मॅडम, आपलं मत?"

हर्षदा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नावाखालचा पट्टा हिरव्याचा पिवळा झाला.

"मॅडम, बहुतेक आवाज येत नाहीये."

"आवाज बरोबर हाय," नलूमावशी म्हणाल्या. "आज सोमवार हाय."

दोन-तीन खिडक्यांत हशा पिकला. पारसनीसही हसला. "असं असं. मग विरोध नाही, असं धरू या का?"

"धरू नका."

"पण मॅडम तर काहीच..."

"हेच तर. बाईले पटलं असतं तर आपन आतापावतर चहा पीत असतो." मावशींनी पदर सारखा केला. "मागल्या सोमवारी म्या फसली. बाई हो म्हनल्या, म्हनून मान हलवली अन् रातभर तळमळली. आज पायते तं बाई नुसत्या पाहून राहिल्या. आता मीच बोलते. मी यंत्राच्या वातीवर माझं नाव लावू देत नाई."

हर्षदाचा पट्टा लाल झाला. पारसनीसने तो सगळ्यांना दिसेल असा मोठा केला. "मी कोणाला दुखवत नाही, पण हे बघा. जगभरचे गुंतवणूकदार हाच आकडा बघतात. प्रतिवक्त्याचा आकडा याच्या चौपट आहे. अकोट केंद्राने तर तिचं कौतुक कळवलंय. बरोबर ना, शबानाताई?"

शबानाताई शेख आधी चष्मा पुसत बसल्या. हर्षदाने चेहरा हलू दिला नाही, आणि मान तर नाहीच.

"कळवलंय," शबानाताई म्हणाल्या. "चांगली आहे ती. कधी कंटाळत नाही. मागच्या सोमवारी सकाळी मी तिला विचारलं, आमचा दर वाढवून द्या. म्हणाली, बरं. दुपारी तुम्ही विचारलंत, दर कमी करा. म्हणाली, बरं. आता मला सांगा साहेब, तिच्या भरवशावर मी माझ्या चाळीस बायकांना काय सांगू?"

"ते... ते दुरुस्त करता येईल."

"करा की. दुरुस्त झाली की ती पण गप्प बसायला लागेल. मग तिचाही आकडा लालच होणार नं?"

या वेळी हशा मोठा होता. पारसनीसच्या कानापर्यंत लाली चढली. त्याने शेवटचं माणूस गाठलं.

"शर्वरी, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तुम्ही यातून गेला आहात. तुम्ही तरी सांगा यांना."

शर्वरीने तोंड उघडलं. हर्षदाला तिचं ते उघडलेलं तोंड दिसलं, घशाशी आलेली वाक्यांची रांग दिसली. तिच्या नावाखालचा पट्टा हिरवा उभा होता, वाट बघत.

शर्वरीने तोंड मिटलं.

पट्टा पिवळा झाला. शर्वरीने दोन्ही हात टेबलावर घट्ट रोवले. पट्टा लाल झाला आणि लालच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती.

मग कोणीच बोललं नाही. दर्यापूर नाही, अकोट नाही, अचलपूर नाही. पडद्यावरच्या सगळ्या बायका पारसनीसकडे बघत होत्या, आणि त्यांच्या सगळ्या खिडक्यांखाली लाल रेघा ओळीने उभ्या होत्या.

"आपण असं करू," पारसनीस म्हणाला. "कायमची नको. वर्षभर प्रयोग म्हणून."

कुठेतरी एक पंखा फिरत होता.

"किंवा फक्त परदेशी बैठकांपुरती. इथल्या निर्णयात ती नसेल."

शबानाताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"यंत्राच्या वातींचा डबा वेगळा करू. त्यावर तसं स्पष्ट लिहू." तो थांबला. त्याला थांबणं जमेना. "बरं, यंत्राचा विषयच सध्या नको. मजुरीच्या दराला हात लावत नाही. दिवाळीचे पैसेही अडवत नाही."

त्याचा स्वतःचा पट्टा या सगळ्या वेळात हिरवागार होता. पडद्यावरच्या एकाही बाईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "ठराव मागे घेतो. पूर्ण. आणि पुढची बैठक कधी ठेवायची, ते तुम्ही ठरवा. चालेल ना, मॅडम?"

हर्षदा बघत राहिली.

"मॅडम?"

"साहेब, बाई विचार करतील अन् दिवे लागल्यावर सांगतील," नलूमावशी म्हणाल्या. "तुमी बसा तोवर."

दुपारचा दीड वाजला होता. एकेक करून बायकांच्या खिडक्या बंद झाल्या. पारसनीसने मात्र आपली खिडकी उघडीच ठेवली.